खाटांची वही

माझ्या शर्टच्या खिशात मावेल एवढी एक निळी वही आहे. घरात तिला सगळे 'खाटांची वही' म्हणतात. किराणा, दूध, धोब्याचा हिशेब यांच्या वह्या फ्रिजवर असतात, ही मात्र माझ्याजवळ असते. गेल्या महिन्यात भाची न्यू यॉर्कहून आली होती. तिला कुठलासा फोन नंबर उतरवून घ्यायचा होता, म्हणून तिने ती वही ओढली आणि मधलंच पान उघडून मोठ्याने वाचायला लागली. 'एकूण ४०. रिकाम्या २. बायकांच्या. फोन उचलला, हो. वेळ रात्री ८.१०.' पुढे वाचायच्या आत म्हणाली, "मामा, लॉज टाकतोयस की काय?"

लॉज नाही गं बाई. पण लॉज टाकला असता तर काम सोपं होतं, असं कधीकधी वाटतं.

तिला सांगितलं की ज्यांना रात्री झोपायला जागा नाही, त्यांना कुठे खाट मिळेल त्याची ही नोंद. शिरूर, दौंड, आणि इथून दोन-अडीच तासांत पोचता येईल अशा जागा. ती म्हणाली, "मग हे ऑनलाइन का नाही? आमच्याकडे आदल्या रात्री निवाऱ्यात किती माणसं झोपली याचा आकडा शहर रोज जाहीर करतं." मी म्हटलं, "सावकाश सांगतो." सावकाश सांगायचं राहिलंच, ती परत गेलीसुद्धा. म्हणून आता लिहून काढतो. तिच्याबरोबर बाकीच्या मंडळींनाही वाचता येईल. आत्यालाही मुलगा वाचून दाखवेल. दाखव रे, पूर्ण दाखव, मधलं गाळू नकोस.

वहीची सुरुवात बेघरांपासून झाली नाही. एप्रिल २०२१ मधली गोष्ट. कोरोनाची दुसरी लाट. शिरूरमध्ये आम्ही चार मित्र रोज सकाळी नऊपासून फोन घेऊन बसायचो. ऑक्सिजनची खाट, व्हेंटिलेटरची खाट. पुणे जिल्ह्यासाठी तेव्हा खाटांचा डॅशबोर्ड होता, त्यावर रुग्णालयवार आकडे दिसायचे. तो बघून फोन लावायचा, आणि 'आहे' म्हणाले की नातेवाइकांना निघा म्हणायचं. पहिल्या दोन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. खाट ही वस्तू नाही, ती वेळ आहे. दोन वाजता तीन रिकाम्या असतात आणि दोन चाळीसला एकही नसते. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. आकडा भरणारा माणूस दमलेला असतो, आणि तो आकडा भरेपर्यंत दारात दुसरी रुग्णवाहिका उभी राहिलेली असते. म्हणून मी आकड्याच्या शेजारी वेळ लिहायला लागलो. वेळ नसलेला आकडा म्हणजे तारीख नसलेला चेक.

लाट ओसरली. वही अर्धी कोरी राहिली.

मग डिसेंबर २०२२ उजाडला.

माझं बालपण दौंडचं. बाबा रेल्वेत टीसी होते, आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. ज्यांनी दौंड फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलंय त्यांच्यासाठी सांगतो, हे फार जुनं जंक्शन. इंग्रज त्याला 'धोंड' म्हणायचे. इथून मनमाडला जाणारी लाईन १८७८ सालची. मनमाडकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाडीला इथे इंजिनाची दिशा बदलावी लागायची. आता कॉर्ड लाईनमुळे काही गाड्या बाहेरच्या बाहेर जातात, पण आमच्या लहानपणी गाडी अर्धा अर्धा तास उभी राहायची. माणसं उतरायची, चहा प्यायची, पाय मोकळे करायची. आणि काही माणसं परत चढायचीच नाहीत. कुणाची गाडी चुकलेली, कुणाकडे पुढचं तिकीट नसलेलं, कुणाला पुढे जाण्यासारखं काही उरलेलंच नसलेलं. बाबा त्यांना 'आपले मुक्कामी' म्हणायचे. ड्यूटीवरून आले की आई विचारायची, "आज किती मुक्कामी?" बाबा सांगायचे सात, नऊ, थंडीत चार. थंडीत कमी का, हे मला तेव्हा कळायचं नाही. फार थंडीच्या रात्री ते एखाद्याला स्वतःच्या पैशाने प्लॅटफॉर्म तिकीट काढून द्यायचे आणि मग स्वतःच हसायचे, "दोन तासांचं तिकीट. दोन तासांत माणसाची झोप होते होय?"

तर आत्याकडे गेलो होतो. आत्या अठ्ठ्याहत्तरची, काका गेल्यापासून एकटीच राहते. तिची औषधं देऊन संध्याकाळी सहज स्टेशनवर चक्कर मारली. जुनी खोड. पुलाच्या पायऱ्यांपाशी एक गृहस्थ बसले होते. साठीच्या पुढचे. पांढरा शर्ट, मळलेला पण बटणं सगळी लावलेली. पायाला फडकं गुंडाळलेलं. मी चहा घेत होतो, एक त्यांनाही दिला. ते म्हणाले, "साहेब, मुक्कामाला जागा आहे का कुठं?"

'मुक्काम' हा शब्द ऐकला आणि मला बाबाच आठवले. जाता आलं नाही.

बोलणं अगदी स्वच्छ होतं. गाव सांगितलं नाही. "मुलांकडे होतो" एवढंच म्हणाले. पैसे मागितले नाहीत. दारूचा वास नव्हता. (हे मी लिहितोय यावरूनच कळेल की मी वास घेऊन पाहिला होता. आपण सगळेच पाहतो.)

मला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम. बेचाळीस फोन करून व्हेंटिलेटर मिळवलेला माणूस मी. इथे तर साधी खाट हवी होती. सव्वासातला सुरुवात केली. पहिल्या ठिकाणी म्हणाले, आमच्याकडे फक्त महिला. दुसऱ्या ठिकाणी फक्त निराधार मुलं. तिसरा वृद्धाश्रम, जागा होती, पण महिन्याचे पैसे आणि जबाबदारी घेणारा नातेवाईक लागेल. चौथ्या ठिकाणी, जखम आहे का? मग आधी दवाखान्याचा कागद. पाचव्याने फोन उचलला नाही. सहाव्या ठिकाणच्या बाई फार चांगल्या होत्या. म्हणाल्या, "एक खाट आहे. पण पोलिसांचं पत्र लागेल, आणि रात्री आम्ही प्रवेश देत नाही. सकाळी घेऊन या. ठेवते मी."

माझा जीव भांड्यात पडला. आत्याकडून सोलापुरी चादर आणि दोन चपात्या-भाजी आणून दिली. म्हटलं, "बाबा, जागा झाली. सकाळी येतो. इथंच बसा."

ते म्हणाले, "बसतो की. जातोय कुठं."

आणि मी आत्याकडे जाऊन झोपलो. हॉलमध्ये, काकांच्या दिवाणावर. आतल्या खोलीत आणखी एक लोखंडी खाट होती, तिच्यावर उशा-गोधड्यांची चळत.

सकाळी आत्याने पोहे केले. नको म्हणता येईना. मग दुसरा चहा झाला. स्टेशनवर पोचायला साडेनऊ वाजले. गृहस्थ नव्हते. पायऱ्यांपाशी नाही, बाकांवर नाही, बाहेर रिक्षा स्टँडवर नाही. चहावाल्याकडे चादर होती. नीट घडी घातलेली, चौकोनी, दुकानात असते तशी. "ते बाबा देऊन गेले, तुम्ही याल म्हणाले." कधी गेले? उजाडताना. कुठे? ते त्याला माहीत नव्हतं. मी अकरापर्यंत हिंडलो. नदीकडेही जाऊन आलो, का ते विचारू नका.

साडेबाराला त्या बाईंचा फोन आला. "येताय ना? खाट ठेवलीय."

मला म्हणावं लागलं, "दुसऱ्या कुणाला द्या."

त्या दिवशी वहीत मी तारीख घालून लिहिलं, 'खाट मिळाली. माणूस नाही.' आजही ते पान आहे.

यानंतर वहीचा नूरच बदलला. आधी दोन रकाने होते, एकूण आणि रिकाम्या. आता नऊ आहेत. रात्री घेतात का? पुरुष घेतात का? पत्राशिवाय एक रात्र तरी ठेवतात का? जखम, खोकला चालतो का? स्वतः चालता येत नसेल तर? बोलण्यात गोंधळ असेल तर? नवरा-बायको दोघं असतील तर वेगळं करतात का? फोन कोण उचलतं? आणि शेवटचा रकाना, वेळ. हे नऊ रकाने लावून पाहिले की 'एकूण ४०, रिकाम्या २' या दोनचा किती वेळा शून्य होतो ते कळतं. रिकामी खाट आणि या माणसाला, आज रात्री मिळणारी खाट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाचे, तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. एक आकडा ऑनलाइन टाकून भागत नाही.

नियम काय आहेत हेही मग वाचायला लागलो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे किमान एक निवारा हवा, बारा महिने, चोवीस तास उघडा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही तोच हिशेब आला, एक लाखामागे शंभर माणसांची सोय. चांगलाच नियम आहे. पण २०११ च्या जनगणनेत शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावं लाखाच्या बरीच खाली. लाखाचा भागाकार केला की आमच्या वाट्याला अपूर्णांक येतो. अपूर्णांकात कुणाला झोपवणार? त्याच जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत झाली होती, २८ फेब्रुवारी २०११ ची रात्र. देशात सुमारे १७.७ लाख, त्यातले दोन लाखांवर महाराष्ट्रात. त्या रात्री दौंडच्या फलाटावर किती होते कोण जाणे. बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं.

म्हाताऱ्या माणसांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम सरकारने काढावा असं म्हटलंय. म्हणजे नीट वाचलं तर 'काढू शकेल' असं म्हटलंय. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, ती सकाळी आठ ते रात्री आठ. मनाचा तोल गेलेला माणूस रस्त्यावर भटकताना दिसला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १०० व्या कलमाप्रमाणे पोलिसांनी त्याला संरक्षण द्यायचं आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. हे कलम मी पाठ केलंय, खूप उपयोगी पडतं. पोलीस स्टेशनला जाऊन शांतपणे कलम सांगितलं की बसायला खुर्ची मिळते. आणि १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, त्यात खाट मिळते, पण न्यायाधीशांपुढे उभं राहून. आधी गुन्हा, मग खाट. माझ्या त्या गृहस्थांनी तर भीकही मागितली नव्हती, त्यामुळे तीही सोय नाही!

गंमत बघा, पगार असलेल्या माणसाला खाट मिळायला काहीच त्रास नाही. रांजणगावची एमआयडीसी झाल्यापासून शिरूर, कारेगाव, शिक्रापूर भागात 'कॉट बेसिस'च्या पाट्या जागोजागी दिसतात. आधार कार्ड आणि ॲडव्हान्स दिला की त्याच संध्याकाळी पथारी. एक शिफ्टला गेला की त्याच कॉटवर दुसरा. गावात खाटा नाहीत असं नाही.

आणि आमच्या भागाला ही गोष्ट जमत नाही असंही नाही. उलट इथे ती दोनदा घडली आहे, बरोबर शंभर वर्षांच्या अंतराने.

पुण्याहून गाडीने दौंडला येताना आधी केडगाव लागतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मरणाऱ्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्या स्वतः दुष्काळात आई-वडील गमावून पायी हिंडलेल्या. पुण्यात त्यांचं शारदा सदन होतं, पण १८९७ ला प्लेग आला आणि शहरात इतक्या जणींना ठेवायला परवानगी मिळेना. म्हणजे 'खाट नाही' हे उत्तर त्यांनाही मिळालं होतं. त्यांनी काय केलं, तर केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर मुलींना नेलं. इमारत नव्हती. तंबू आणि छपरं उभी केली, आणि मग बांधकामाला लागल्या. पुढच्या काही वर्षांत तिथे दीड हजारांवर माणसं राहत होती. अंधांची वेगळी सोय, घरच्यांनी आणि समाजाने टाकलेल्यांची वेगळी. १९२२ मध्ये रमाबाई तिथेच गेल्या. धर्मांतरावरून त्यांच्याविषयी त्या काळी वाद झाले, आजही होतात. पण मला त्यांच्या कामातला क्रम शिकण्यासारखा वाटतो. आधी माणूस आणला, खाट मागून झाली.

दुसरी गोष्ट शिरूर तालुक्यातली, वढू बुद्रुकची. सिस्टर लुसी कुरियन. १९९१ साली त्या पुण्यात एका कॉन्व्हेंटमध्ये काम करत होत्या. एक गरोदर बाई आली, नवरा मारून टाकेल, आसरा द्या म्हणाली. सिस्टरच्या हातात तशी सोय नव्हती. त्या म्हणाल्या, उद्या या, काहीतरी करू. त्याच रात्री नवऱ्याने त्या बाईला पेटवून दिलं. ती गेली, पोटातलं मूलही गेलं. सिस्टर लुसींनी हे स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. 'उद्या या' हे आपण म्हणालो, हे त्या लपवत नाहीत. त्यातून १९९७ मध्ये वढूला 'माहेर' सुरू झालं.

ही गोष्ट मी आधीही ऐकली होती. पण डिसेंबर २०२२ नंतर पुन्हा वाचली तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवावं लागलं. 'सकाळी येतो, इथंच बसा' हे माझं वाक्य तेच होतं. माझी तुलना त्यांच्याशी करत नाही, त्यांनी त्यातून घर उभं केलं, मी वहीत सात रकाने वाढवले. पण वाक्य तेच.

दोन्ही घरं सुरू झाली ती बायकांसाठी, आणि ते बरोबरच होतं. रात्रीच्या रस्त्यावर बाईला जास्त धोका. न्यू यॉर्कमध्ये मात्र उलटं घडलं. तिथे निवाऱ्याचा हक्क आधी बेघर पुरुषांना मिळाला, १९८१ साली, रॉबर्ट कॅलहन नावाच्या बेघर माणसाच्या खटल्यातून. मग तो बायकांना, कुटुंबांना मिळाला. भाचीने सांगितलेल्या रोजच्या आकड्याच्या मुळाशी हा खटला आहे. शहराने खाट दिलीच पाहिजे असं ठरलं, म्हणून किती खाटा लागल्या ते मोजणं भाग पडलं. आणि तो कॅलहन? तडजोडीवर सह्या होण्याआधीच तो रस्त्यावर मेला होता. हक्क मिळाला, माणूस नाही. म्हणजे माझं ते पान एकट्याचं नाही.

आपल्याकडे दिल्लीत असा प्रयत्न आहे. तिथलं निवारा मंडळ आपल्या रैनबसेऱ्यांत रोज किती जण झोपले याची नोंद वेबसाइटवर ठेवतं. हिवाळ्यात रस्त्यावरच्या माणसाची जागा कळवायला ॲपही केलं. होऊ शकतं, हे यावरून दिसतं. मग माझी वही मी उघडी का करत नाही?

एक कारण, मला काही संस्थांनी हात जोडून सांगितलंय की आमचं नाव रिकाम्या खाटेसकट छापू नका. लोक रात्री गाडीतून म्हातारे आई-बाप आणतात, फाटकाशी उतरवतात आणि निघून जातात. हे ऐकून वाईट वाटतं, पण त्यांचं खरं आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपण सगळे, देणगीदारही, भरलेल्या संस्थेला चांगली संस्था समजतो. 'पन्नास खाटा, पन्नास लाभार्थी' असा फलक बघून खूश होतो. एक खाट रिकामी दिसली की विचारतो, मग कमी लोकांना का घेतलं? पण पन्नासपैकी पन्नास भरलेल्या संस्थेत आज रात्री दहाला येणाऱ्या एक्कावन्नाव्या माणसाला 'उद्या या' याशिवाय काय मिळणार? अग्निशमनचा बंब रिकामा उभा असतो म्हणून कोणी तक्रार करत नाही. तसं एक खाट रोज रात्री मुद्दाम रिकामी ठेवणं, हेही काम आहे. तिचा खर्च आहे, आणि तो कोणीतरी उचलायला हवा. माझ्या वहीत अशी खाट ठेवणाऱ्या दोनच जागा आहेत. त्यांच्यापुढे मी चांदणी काढलीय.

आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम, मग वरवंडला. यवतची पिठलं-भाकरी प्रसिद्ध आहे. त्या रात्री घरोघरी ओसरी, गच्ची, गोठा, शाळा, देऊळ, सगळीकडे माणूस झोपलेला असतो. कोणी पत्र मागत नाही, जबाबदारी घेणारा नातेवाईक मागत नाही. मीही लहानपणी त्यात वाढपी म्हणून पळापळ केलीय. त्याच माणसांना, म्हणजे आपल्यालाच, वारी पुढे गेल्यावर फलाटावरचा एक म्हातारा परका का वाटतो? वारकऱ्याचा मुक्काम एका रात्रीचा असतो, उद्या तो जाणार हे आपल्याला माहीत असतं, म्हणून बहुतेक. फलाटावरचा माणूस गेला नाही तर, ही भीती असते. माझे गृहस्थ तर उजाडताना स्वतःहूनच गेले.

आता आत्याची गोष्ट. ती सांगितली नाही तर हा लेख खोटा.

त्या घटनेनंतर महिन्याभराने मी पुन्हा दौंडला गेलो. वही दाखवून तिला मोठ्या उत्साहाने नवे रकाने समजावत होतो. तिने चष्मा लावून पानं चाळली. मग विचारलं, "यात आपलं घर कुठंय?"

मला आधी कळलंच नाही.

"अरे, त्या दिवशी दिवाण होता. आतली खाट होती. तू सहा ठिकाणी फोन केलेस, मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला वाटलं, तू विचारशील. तू विचारलं नाहीस, मग मीही बोलले नाही. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण तू होतास ना त्या रात्री घरात."

मी काय बोलणार? अनोळखी पुरुषाला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एकट्या बाईच्या घरात आणणं शहाणपणाचं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. तुम्हीही म्हणाल. पण खरं हे आहे की मी तो विचार करून सोडून दिला, असं झालंच नाही. तो माझ्या डोक्यातच आला नाही. जिल्ह्यातल्या खाटा मी मोजल्या, आणि ज्या खाटेवर झोपलो ती मोजली नाही.

तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि शेवटच्या पानावर स्वतः लिहिलं. तिचं अक्षर अजून छान आहे, जुन्या सातवीचं. 'दौंड. आत्या. खाट १. फक्त बाई किंवा लेकरू असलेली बाई. एका रात्रीपुरती. पत्र नको. रात्री कधीही. फोन मी उचलते.'

त्या खाटेवर आजवर दोनदा माणूस झोपलंय. एक कॉलेजची मुलगी, पर्समधले पैसे आणि फोन दोन्ही गेलेले. आणि एक बाई दोन लेकरांसह, जिच्याबद्दल जास्त लिहिणार नाही, सकाळी तिची पुढची सोय झाली. दोन्ही वेळा आत्याचा मुलगा माझ्यावर चिडला. त्याचंही चुकत नाही. आम्ही अजून भांडतोय. त्या गृहस्थांसारख्या पुरुषासाठी मात्र माझ्याकडे आजही घरातलं उत्तर नाही. शिरूरला आमच्या घरी बाहेरची खोली आहे, तिथे सध्या जुनी सायकल आणि कुंड्या आहेत. बायकोशी बोलणं चालू आहे. एवढंच सांगतो.

असो. फार लांबलं.

एक विनंती करतो आणि थांबतो. तुमच्या गावाच्या आसपासच्या अशा जागा मला कळवा. पण नुसतं नाव आणि नंबर नको, ते मलाही मिळतात. एका रात्री दहा वाजता फोन लावून बघा. उचलतात का, काय विचारतात, पुरुषाला घेतात का ते ऐका, आणि मग कळवा. शेजारी वेळ लिहायला विसरू नका.